तपशिलात काय लिहू?



मागच्याच्या मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या नातवाला 'लीडरशिप'च्या शिबिराला पाठवलं होतं. दोन दिवस, हॉटेलच्या एसी हॉलमध्ये, फी साडेचार हजार. सूनबाईंनी हौसेनं पैसे भरले आणि मीही हो म्हटलं. पोरगा परत आला तो लॅमिनेशन केलेलं प्रमाणपत्र घेऊन. वर त्याचं नाव, खाली 'उद्याचा नेता'. समोरच्याच्या डोळ्यांत बघून कसं बोलायचं, हात कसा मिळवायचा, माईक तोंडापासून किती लांब धरायचा, हे सगळं त्याला छान आलं होतं. संध्याकाळी जेवून उठला आणि ताट तिथंच. मी म्हटलं, "नेतेसाहेब, हे कोण उचलणार?" हसला आणि उचललं. पण सांगावं लागलं.

मी त्या शिबिराची चेष्टा करत नाही. चार लोकांसमोर उभं राहून बोलता येणं लहान गोष्ट नव्हे. मी १९८१ ची बी.कॉम., वर्गात आम्ही मोजून सात मुली. तरी लग्नानंतर महिला मंडळाच्या सभेत पहिली दहा वर्षं मी तोंड उघडलं नव्हतं. हिशेब मी लिहायचा आणि वाचून दाखवायचा दुसऱ्या कुणीतरी, असं चालायचं. तेव्हा मला कुणी माईक धरायला शिकवलं असतं तर बरंच झालं असतं.

पण त्या प्रमाणपत्रामुळं डोक्यात एक किडा वळवळायला लागला. आपल्या पाठशाळेत आपण मुलांना णमोकार शिकवतो, चोवीस तीर्थंकरांची नावं आणि चिन्हं पाठ करून घेतो, बारा व्रतं म्हणवून घेतो. परीक्षा घेतो, बक्षिसं देतो. मुलं घडाघडा म्हणतात. आणि मग ती व्रतं वापरायची कुठं? शाळेत मॉनिटर झालेला मुलगा फळ्यावर कुणाचं नाव लिहितो आणि कुणाचं गाळतो, तिथं त्याला सत्य अणुव्रत आठवतं का?

म्हणून गेल्या मे महिन्यात बस्तीच्या सभागृहात आठ दिवसांचं संस्कार शिबिर ठरलं, तेव्हा मी मंडळात म्हटलं की या वेळी शिबिर मुलांनीच चालवायचं. आपण स्वयंपाकाला आणि देखरेखीला राहायचं. पाणी गाळणं, भाजी निवडणं, पंगत वाढणं, भांडी आणि हिशेब, सगळं मुलांकडं. दोघी-तिघींनी नाकं मुरडली. "पोरं धडपडतील, दूध सांडतील, आयांचे फोन येतील." दूध सांडलं. फोनही आले. मुलं चौतीस होती, दहा ते पंधरा वर्षांची.

वाढपाचा एकच नियम मी घातला. ज्या गटाची वाढायची पाळी, त्या गटाचा प्रमुख सगळ्यांच्या शेवटी जेवणार. दुसऱ्याच दिवशी आमरस होता. त्या दिवशीचा प्रमुख उंच, मोठ्या आवाजाचा, शाळेत कबड्डीच्या संघात असलेला मुलगा. त्यानं मित्रांच्या वाट्या काठोकाठ भरल्या, "घे रे, अजून घे" करत. शेवटच्या पंगतीला तो आणि पाच लहान मुली राहिल्या आणि पातेल्यात उरला होता जेमतेम दोन वाट्या रस. त्यानं तो पाच मुलींत वाटला आणि स्वतः मुगाची आमटी-चपाती खाल्ली. मान खाली घालून. आम्ही बायका काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी श्रीखंड होतं, तेव्हा पाळी दुसऱ्या गटाची असूनसुद्धा हाच मुलगा आत आला आणि त्या गटाच्या प्रमुखाला सांगू लागला, "आधी माणसं मोज. चमचा एकच धर. पहिल्यांदा अर्धंच वाढ." चौथ्या दिवसापासून वाढपाकडं बघायची आम्हाला गरज उरली नाही.

हिशेबाचं मात्र मी स्वतः बघत होते. ती माझी हौस. बिस्किटांचा पत्र्याचा रिकामा डबा, एक लांब वही आणि व्हाउचर अडकवायला तार. रोज सकाळी डब्यात १,००० रुपये द्यायचे आणि संध्याकाळी पंगतीआधी ताळा जमवायचा. खजिनदार म्हणून मुलांनी एका मुलीला निवडलं. नववीत जाणारी, दोन वेण्या, अक्षर मोत्यासारखं, बोलणं कमी. तिचे वडील रिक्षा चालवतात. तिला मी जमा-खर्चाच्या बाजू समजावून दिल्या आणि सांगितलं, "प्रत्येक आकड्यापुढं तपशील हवा. आकडा नुसता उभा राहिला तर तो खोटा समजायचा." हे वाक्य मला आमच्या कॉलेजच्या सरांनी शिकवलेलं.

शिबिरात दुपारी मी मुलांना सत्य अणुव्रताचे अतिचार सांगत होते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात येतात ते पाच. पाठशाळेत आपण नुसती नावं म्हणवून घेतो; पण मैत्रिणींनो, कॉमर्स शिकलेल्या बाईनं ती यादी वाचली तर ती चकित होते. खोटं बोलू नये एवढ्यावर ती थांबत नाही. त्यात कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख करणं, खोटी पावती, खोटी नोंद. त्यात न्यासापहार आहे. कुणी आपल्याकडं दहा वस्तू ठेवायला दिल्या, विसरून आठच मागितल्या, आणि आपण "हो, आठच होत्या" म्हणून दोन ठेवून घेतल्या. यावर मुलांचं जोरदार भांडण झालं. "आज्जी, पण आपण खोटं कुठं बोललो? आठ तोच म्हणाला की!" अर्धा तास वाद चालला. घंटा झाली तरी उठेनात. कूटलेखक्रिया हा शब्द तर त्यांना एवढा आवडला की खो-खो खेळताना कुणी चुकीचा खो दिला तरी "कूटलेख! कूटलेख!" म्हणून ओरडायला लागली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ताळा जमेना.

भाजी ३१०, दूध २८०, केळी १२०, लिंबं ५०. खर्च ७६०. डब्यात २४० हवेत. होते ४०, वीस-वीसच्या दोन नोटा. मुलीनं पुन्हा बेरीज केली, पुन्हा मोजलं, तारेवरची व्हाउचरं काढून एकेक वाचली. तिचा चेहरा पांढरा पडला. दोनशेची एक नोट कमी होती.

आता खरं सांगते. ती तिसऱ्यांदा मोजत होती तेव्हाच मला कळलं होतं. दुपारी नातवाच्या पिशवीशेजारी मी दोन नवे कोरे टेनिसचे चेंडू पाहिले होते. त्याच्या हातात आम्ही पैसे देत नाही. तेव्हा मनात आलं होतं, मित्राचे असतील. डबा उघडल्यावर मात्र छातीत धस्स झालं.

आणि मी काय केलं? पर्स उघडली. दोनशेची नोट काढून डब्यात ठेवली आणि म्हटलं, "अगं, माझ्याकडंच राहिली असेल सकाळी. झालं, जमलं बघ." चाळीस वर्षं घरचा, दुकानाचा, मंडळाचा हिशेब लिहिणारी बाई मी. एक पैशाची तफावत आली तर रात्री बारापर्यंत बसणारी.

ती मुलगी पेन हातात धरून तशीच बसली. मग म्हणाली, "आज्जी, सकाळी तुम्ही पाचशेच्या दोन नोटा दिल्या होत्या. मी लिहून घेतलंय. मग हे दोनशे तुमच्याकडून वेगळे जमा धरू? तपशिलात काय लिहू?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच समजत नव्हतं काय लिहायचं. मीच तिला शिकवलं होतं ना, तपशील हवा म्हणून. मला उत्तर सुचेना. बाहेर मुलं अंगणात खेळत होती आणि कुणीतरी "कूटलेख!" म्हणून ओरडलं. मैत्रिणींनो, त्या क्षणी जमीन फाटावी असं वाटलं. मी म्हटलं, "आजचं पान राहू दे. उद्या बघू."

त्या रात्री मी माळ्यावरून माझ्या वडिलांची वही काढली. आप्पा साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात शिकले. भाऊराव आपल्या कुंभोजचे, आपल्याच समाजात १८८७ साली जन्मलेले. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ पासून साताऱ्यात वसतिगृह चालवलं, जिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करायची, एका पंगतीत जेवायची. त्या काळी ही केवढी गोष्ट होती ते आपल्या आज्ज्यांना विचारायला हवं होतं. आप्पा त्यांना 'अण्णा' म्हणत. सांगायचे, की लाकडं आणायची, शेतात राबायचं, भाकरी थापायच्या आणि मग अभ्यास. 'कमवा व शिका' हे आज आपण कॉलेजच्या फलकावर वाचतो. आप्पांच्या तळहातावर ते घट्टे होऊन राहिलं होतं. वक्तृत्वाचं बक्षीस त्यांना मिळाल्याचं मी कधी ऐकलं नाही. पण पुढं गावात दूध डेअरी काढताना लोकांनी पैसे त्यांच्याच हातात दिले.

भाऊरावांचं नाव घेतलं की मला लक्ष्मीबाई आठवतात. त्यांच्या पत्नी. सोवळ्याओवळ्यात वाढलेली जैन घरची बाई, पण पुढं त्या सगळ्या मुलांची आई झाली. वसतिगृहात धान्य संपलं, तेव्हा तिनं अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० साली त्या गेल्या. आपण ही गोष्ट पर्युषणात दानधर्माचं उदाहरण म्हणून सांगतो. मला त्या रात्री वेगळंच वाटलं. त्या बाईनं परक्या पोरांसाठी मंगळसूत्र दिलं आणि मी माझ्या पोरासाठी दोनशे रुपये दिले. पैसे दोघींनीही दिलेच की! पण तिच्या पैशांचा तपशील उजळ माथ्यानं लिहिता येत होता.

आप्पांची वही साधी, दोन आण्यांचा हिशेबसुद्धा त्यात आहे. पानं चाळता चाळता एका ठिकाणी नजर थांबली. 'हरवले : २ आणे.' एवढंच. कुठं, कसे, काही नाही. पण बेरीज जमवायला कुठल्या भाजीत ते दोन आणे ढकललेले नाहीत.

दिवा मालवायच्या आधी नातवाच्या खोलीत गेले. आधी नाही म्हणाला. मग गप्प. मग रडत म्हणाला, "मी परत ठेवणार होतो." आणि थोड्या वेळानं, डोळे पुसून, अगदी सहज, "पण आज्जी, तू भरलेस की पैसे. मला सांगितलं एकानं. मग झालंच की आता."

मग झालंच की आता. चोरी त्याची दोनशेची होती, आणि ती मिटवायची युक्ती त्याला मी शिकवली होती, त्याच दिवशी, फुकट.

पुढं काय करायचं यावर मी पहाटेपर्यंत तळमळले. सगळ्यांसमोर त्याचं नाव घ्यायचं? तेरा वर्षांचं पोर, गावातल्या चौतीस मुलांसमोर आयुष्यभराचा शिक्का. आणि त्याच पाच अतिचारांत रहोभ्याख्यान पण आहे ना, दुसऱ्याचं गुप्त उघड करणं. एकाच यादीत दोन्ही. खोटं लिहायचं नाही आणि दुसऱ्याचं झाकलेलं चव्हाट्यावरही आणायचं नाही. पूर्वी ही यादी म्हणताना मला ती सरळ वाटायची. त्या रात्री कळलं की ती कात्रीत धरते.

सकाळी प्रार्थनेनंतर मी मुलांसमोर उभी राहिले. म्हटलं, काल डब्यात दोनशे रुपयांची तूट आली. ती मी माझ्या पैशांनी झाकायला निघाले होते. तुमच्या खजिनदारानं मला विचारलं, तपशिलात काय लिहू, आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी चुकले. माझे दोनशे मी परत घेते. वहीत 'तूट' म्हणून लिहायचं. कुणी घेतले असतील तर त्यानं खजिनदाराला सांगावं, मला नको. बस एवढंच बोलले. पाय थरथरत होते. मंडळातल्या बायका एकमेकींकडं बघत होत्या. पाचव्या पानावर त्या मुलीनं लाल पेननं लिहिलं, 'रोकड तूट २००'.

त्या दिवशी नातू काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरात सूनबाईंचा पारा चढलेला. तिला रात्रीच मी सांगितलं होतं. ती म्हणाली, "आई, दोनशे रुपयांसाठी एवढं? घरात दोन रट्टे दिले असते तर संपलं असतं." तिचंही अगदी चूक नव्हतं. माझ्या पिढीत असंच संपवायचे. मी गप्प राहिले, कारण खरं तर मलाही खात्री नव्हती. दोन दिवस पोरगा नीट जेवला नाही. आज्जीचं काळीज आहे, ते काय वहीत लिहायचं?

सहाव्या दिवशी दुपारी त्यानं आजोबांना विचारलं, "दुकानात मला काम द्याल का?" आमचं भांड्यांचं दुकान. ह्यांना मी काही सांगितलेलं नव्हतं, पण त्यांनी ओळखलं असावं. काही न विचारता म्हणाले, "वरच्या फळ्यांवरची पितळी भांडी पुसायची आहेत. दिवसाचे शंभर." सहाव्या आणि सातव्या दिवशी जेवणानंतरच्या विश्रांतीत तो दुकानात जाऊन बसला. हात काळे करून परत यायचा. चिंचेनं पितळ घासलं की नखांत जे काळं बसतं ते दोन दिवस जात नाही, तुम्हाला माहीत आहे.

आठव्या दिवशी समारोपाच्या आधी, मी पातेल्यातली भाजी बघत होते, तेव्हा तो डब्याजवळ गेला. शंभरच्या दोन नोटा ठेवल्या. मला ऐकू यावं म्हणून नव्हे, पण आलं.

ती म्हणाली, "तपशिलात काय लिहू?"

तो बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "घेतले होते, परत केले असं लिही."

"कुणाकडून? नावाशिवाय जमा होत नाही."

त्यानं नाव सांगितलं. तिनं लिहिलं. मोत्यासारख्या अक्षरात, जसं केळ्यांचं आणि लिंबांचं लिहिलं होतं तसंच. वर बघितलंही नाही. मग पेनचं टोपण लावून म्हणाली, "चल, पंगत बसली, पाणी वाढायला कुणी नाहीये." आणि तो तांब्या घेऊन पळाला.

मला त्या मुलीचं अजून नवल वाटतं. तिनं दुसऱ्या मुलांना सांगितलं की नाही, मी विचारलं नाही. तिला कुणी दोन दिवसांचं शिबिर दिलेलं नाही, आणि चार लोकांत बोलायला सांगितलं तर ती अजूनही आईच्या पदराआड जाते. समारोपाला प्रमुख पाहुण्यांनी तिला 'उत्कृष्ट खजिनदार' म्हणून पेन दिलं, तेव्हा आभार मानायलाही उभी राहिना. तेवढं तिला शिकवायला हवं. माईक धरायचं.

वही नंतर मंडळाच्या तपासणीला गेली. आमच्या एका मैत्रिणीनं ते पान पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अहो, नातवाचं नाव तेवढं काढून टाकायचं होतं की ओ. व्हाइटनर आहे माझ्याकडं." तिचा हेतू चांगला होता. मी म्हटलं, राहू दे. वही बस्तीच्या लोखंडी कपाटात आहे, पावती पुस्तकांच्या खाली.

या मे महिन्यात पुन्हा शिबिर आहे. ती मुलगी दहावीत जाणार, तिचे क्लास सुरू होतील, म्हणून डबा सांभाळायला नवीन कुणीतरी शोधायचं आहे. परवा नातवाला मी सहज विचारलं, "हिशेबाला बसतोस का या वर्षी?" त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "नको आज्जी. मी वाढायला राहतो." सूनबाई पलीकडं पोळ्या लाटत होती, तिनं मान वर केली नाही. प्रमाणपत्र अजून त्याच्या टेबलावर आहे, त्याच्याच आडोशाला ते दोन चेंडू. एकाची लव पार गेली आहे. दुसरा त्यानं कधी वापरलाच नाही.